भिंतीवरचं पोस्टर कोणी काढलं?

एखाद्या मुलीने धर्मासाठी काही सोडलं असं ऐकलं, की आपल्या चळवळीतल्या बायका लगेच सावध होतात. ते साहजिकच आहे. शिक्षण सोड, नोकरी सोड, मैत्रिणी सोड, मोठ्याने हसणं सोड, ही सगळी यादी बाईला बहुतेक वेळा धर्माच्याच तोंडून ऐकवली गेली आहे. त्यामुळे आमच्या किशोरी गटातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने ‘ताई, मी बीटीएस सोडलं. येशूसाठी सोडलं,’ असं अगदी शांतपणे सांगितलं, त्यानंतरच्या आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत जो गदारोळ झाला त्याचं मला नवल वाटलं नाही. ‘पोरीचं ब्रेनवॉशिंग केलंय’, ‘तिच्या आई-बापांशी बोलायला हवं’, ‘तो पास्टर कोण आहे ते बघा आधी’. एकीने तिला समुपदेशनाला पाठवायचंही सुचवलं. सगळ्याजणी तळमळीने बोलत होत्या. फक्त हे तिने का केलं, ते तिलाच विचारावं, असं तासाभरात कोणी म्हणालं नाही.

मी स्वतः मराठी ख्रिस्ती आहे, नगरची (आता अहिल्यानगर), आणि गेली बारा वर्षं पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये मुलींबरोबर काम करते. त्यामुळे या विषयावर मला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं, आणि दोन्हीकडच्यांना ते थोडं टोचेल याची मला कल्पना आहे.

ज्या मैत्रिणींच्या घरात तेरा ते वीस वयाची मुलगी नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. बीटीएस हा दक्षिण कोरियातल्या सात तरुण मुलांचा गाण्याचा संच. २०१३ साली त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या चाहत्या स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात आणि ही सेना जगभर पसरलेली आहे. आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या किंवा क्रुसाच्या शेजारी, या मुलांची चित्रं चिकटवलेली मी पाहिली आहेत. आठवीत इंग्रजीला कंटाळणाऱ्या मुली मोबाईलवरून कोरियन लिपी शिकतात, वहीत अक्षरं गिरवतात. आणि हे वेड नुसतं गुलाबी नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा बीटीएसने दहा लाख डॉलर दिले, आणि या चाहत्या मुलींनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम आपापसात गोळा करून दिली. आपल्यापैकी ज्यांनी मोर्चासाठी पावतीपुस्तकं घेऊन दारोदार हिंडून वर्गणी जमवली आहे त्यांना हे काम किती मोठं आहे ते कळेल.

मुलींच्या या वेडाकडे मोठी माणसं नेहमीच हसून पाहत आली. स्त्रीवाद्यांनी मात्र ते गंभीरपणे घेतलं. ब्रिटनमध्ये अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ सालच्या एका निबंधात विचारलं, की तरुणांच्या संस्कृतीचा अभ्यास म्हणजे नाक्यावरच्या मुलांचाच अभ्यास का? मुली कुठे असतात? मुली घरात असतात, कारण त्यांना नाक्यावर उभं राहू देत नाहीत. मग त्या आपल्या खोलीतच भिंतीवर चित्रं लावून, मैत्रिणींना बोलावून, रेकॉर्ड ऐकून एक छोटं जग तयार करतात. पुढे १९८६ मध्ये बार्बरा एरनराइक, एलिझाबेथ हेस आणि ग्लोरिया जेकब्स यांनी बीटल्सच्या वेडाबद्दल लिहिताना आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले तेव्हा किंचाळणाऱ्या, पोलिसांचं कडं तोडून धावणाऱ्या त्या हजारो मुली, सभ्य मुलीने कसं वागावं याच्या सगळ्या नियमांना धुडकावत होत्या, आणि स्त्रियांच्या बंडाची ती एक सुरुवातीची ठिणगी होती, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं. आमच्या गटातल्या मुली रिकाम्या समाजमंदिरात दार लावून नाचतात, तेव्हा त्यांच्या अंगात जी मोकळीक येते ती आमच्या कुठल्याही ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा’त मी पाहिलेली नाही.

याच बीटल्सच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म आणि पॉप संगीत यांची सगळ्यात गाजलेली टक्कर झाली. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात मॉरीन क्लीव्ह या पत्रकार बाईंनी जॉन लेननची मुलाखत छापली. ख्रिस्ती धर्म ओसरत चालला आहे आणि सध्या आम्ही येशूपेक्षाही जास्त लोकप्रिय आहोत, अशा अर्थाचं काहीतरी तो त्यात बोलून गेला होता. इंग्लंडात कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तेच वाक्य त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ‘डेटबुक’ या तरुणांच्या मासिकात आलं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत आग लागली. आग अक्षरशः लागली. अलाबामातल्या एका रेडिओ केंद्राच्या दोन निवेदकांनी बहिष्काराची हाक दिली, गावोगाव बीटल्सच्या रेकॉर्डांच्या होळ्या पेटल्या, आणि काळ्या लोकांची घरं नि चर्च जाळणारी कू क्लक्स क्लॅनसुद्धा धर्मरक्षणाच्या नावाने त्यात उतरली. लेननला ऑगस्टमध्ये शिकागोत पत्रकारांपुढे खुलासा करावा लागला.

त्या होळ्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्यात शाळकरी पोरं आहेत, मुलीही आहेत, हातात रेकॉर्ड घेऊन आगीकडे वाकलेल्या. मी त्या मुलींचे चेहरे नेहमी निरखून पाहते. काही हसताहेत. दोनच वर्षांपूर्वी याच वयाच्या मुली याच चौघांसाठी रडत होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींनी मनापासून रेकॉर्ड टाकली असेल आणि कितीजणी फक्त, बाकीच्या टाकताहेत, रेडिओवाले सांगताहेत, मागे बाप उभा आहे म्हणून पुढे झाल्या असतील? फोटोवरून ते सांगता येत नाही. दोघींची कृती बाहेरून हुबेहूब सारखीच दिसते.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आपण कृतीकडे पाहून निकाल देतो. मुलीने पोस्टर लावलं की ती मुक्त, काढलं की ती दडपलेली. अहो, लावणारा हातही दुसऱ्याचा असू शकतो आणि काढणारा हात तिचा स्वतःचा.

मी काढलं होतं, म्हणून हे बोलते. शाळेत असताना मी वेस्टलाइफ या आयरिश गाणाऱ्या मुलांची चाहती होते. आजच्या मुलींपुढे आमचं वेड म्हणजे अगदीच गरीब. चार कॅसेटी, इंग्रजी वर्तमानपत्रांतून कापलेली चित्रं, आणि दोनशे पानी वहीत चिकटवलेला सगळा संसार. पण वेड ते वेडच. सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्यांची, परीक्षेच्या वेळी पेपरावर आधी त्यांच्यातल्या एकाचं नाव पेन्सिलीने लिहायचं नि मग खोडायचं. २००८ साली, टी. वाय. बी. ए. ला असताना, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी ठरवलं, की यंदा गोड सोडायचं नाही, हे सोडायचं. मला कोणी सांगितलं नव्हतं. आमचे पाळकसाहेब गरीब माणूस, त्यांना वेस्टलाइफ हे साबणाचं नाव आहे असं सांगितलं असतं तरी पटलं असतं. चाळीस दिवस संपले आणि परत जावंसं वाटेना. वही रद्दीवाल्याला दिली, किलोच्या भावाने. आई उलट हळहळली, ‘अगं, ती एक संथ गाण्यांची कॅसेट तरी ठेवायचीस, स्वयंपाक करताना बरी वाटायची.’

मला काय मिळालं? खूप मोकळा वेळ मिळाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनातली एक मोठी खोली रिकामी झाली. प्रार्थनेला बसलं की प्रार्थनाच व्हायला लागली. रविवारी दुपारी आमच्या मंडळीतल्या बायका सरकारी दवाखान्यात जिचं कोणी नाही अशा बाईजवळ जाऊन बसत, तिची वेणी घालत, तिला पेज भरवत. मी त्यांच्याबरोबर जायला लागले. तिथे जळालेल्या सुना पाहिल्या. ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांत काय काय लपवतात ते तिथे कळलं. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला मी गेले ती त्या वॉर्डातून. चळवळीतल्या मैत्रिणी मला पुढे भेटल्या. तेव्हा माझी श्रद्धा आणि माझा स्त्रीवाद ही दोन वेगळ्या गावांची माणसं आहेत, असं मला कधी वाटलेलं नाही.

पण म्हणून सगळ्या मुलींनी गाणी सोडावीत असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. तो माझा उपवास होता. दुसऱ्याच्या पोटावर उपवास लादला तर त्याला उपासमार म्हणतात.

आता चळवळीतल्या मैत्रिणींना एक प्रश्न. २०१९ मध्ये कोरियात ‘बर्निंग सन’ या नाइट क्लबवरून एक भयंकर प्रकरण बाहेर आलं. जंग जून-यंग हा लाडका गायक आणि त्याचे मित्र बायकांवर अत्याचार करून, त्यांच्या चोरून घेतलेल्या चित्रफिती एकमेकांना पाठवत होते. त्याला तुरुंगवास झाला. त्याचीच एकेकाळची निस्सीम चाहती असलेल्या ओ से-यन या तरुणीने २०२१ मध्ये ‘फॅनॅटिक’ नावाचा माहितीपट काढला. आपल्यासारख्याच फसलेल्या चाहत्या मुलींना ती भेटत जाते. जमवलेले अल्बम, फोटो यांचं आता करायचं काय? इतकी वर्षं केलेल्या प्रेमाचं काय? या मुलींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून आपला नायक सोडला, तेव्हा आपण त्यांचं कौतुकच करू. मग दुसऱ्या एका मुलीने तिच्या विवेकाला स्मरून सोडलं आणि त्या विवेकाचं नाव तिने येशू सांगितलं, की आपल्याला लगेच समुपदेशक का आठवतो? नास्तिक मुलीचं मन तिचं स्वतःचं आणि श्रद्धाळू मुलीचं मन पास्टरचं, हे आपण कुठल्या अभ्यासावरून ठरवलं?

शिवाय जे सोडलं ते काही मुक्तीचं नंदनवन नव्हतं, हेही बोलायला हवं. मुलींचं वेड त्यांचं असतं, पण त्या वेडाचं दुकान दुसऱ्याचं असतं. कोरियन अल्बमच्या पाकिटात सोबत एक छोटं छायाचित्र घालतात. कोणाचं निघेल ते आधी कळत नाही. हवं ते निघेपर्यंत पुन्हा विकत घ्या. म्हणजे थेट जत्रेतली सोडत. आमच्या गटातल्या एका मुलीने धुण्याभांड्याच्या कामाचे दोन महिन्यांचे पैसे असे घालवले. आणि ज्यांची पूजा होते त्या गाणाऱ्या बायकांची काय स्थिती? फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘एस्पा’ या मुलींच्या संचातल्या करीनाचं एका नटाशी प्रेम आहे हे जाहीर झालं. चाहते इतके खवळले, की मार्चमध्ये त्या तरण्याताठ्या, कमावत्या मुलीने हाताने माफीपत्र लिहिलं. कशाबद्दल? तर प्रेम केल्याबद्दल! कौमार्याची राखण करायला धर्मच लागतो असं थोडंच आहे?

या धंद्यात गायकांना ‘आयडॉल’ म्हणतात, म्हणजे मूर्ती. बाकीच्यांना तो नुसता शब्द वाटेल, पण दहा आज्ञा पाठ करून वाढलेल्या मुलीच्या कानात तो वेगळा वाजतो. आणि नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घरांत तर त्याला आणखी एक पदर आहे. आमचे पणजोबा-खापरपणजोबा महार-मांग वस्त्यांतून मिशनच्या शाळेत गेले. ज्या देवाच्या पायरीलाही शिवायची मनाई होती त्याची मूर्ती सोडणं हे त्यांच्यासाठी मान वर करणं होतं. आमच्याकडे ‘मूर्ती सोडली’ या शब्दांत भक्तीइतकाच स्वाभिमानही भरलेला आहे. आमच्या त्या सतरा वर्षांच्या मुलीशी मी शेवटी बोलले, तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, मी दिवसातून दहा वेळा त्यांचा फोटो बघायचे आणि मला वाटायचं मी कोणीच नाहीये. आता नाही वाटत.’ तिला कोणी सांगितलं का, असं मी विचारलं. ‘सांगितलं तर खूपजणांनी. मी तेव्हा नाही ऐकलं.’ आता यात ब्रेनवॉशिंग कुठे आहे ते मला दाखवा.

इथपर्यंत वाचून माझ्या ख्रिस्ती भगिनी खूश झाल्या असतील, तर आता त्यांच्याकडे वळते.

आपल्याच एका प्रार्थनासभेतल्या उपदेशकाने पालकांना सांगितलं, की परदेशी गाण्यांतून सैतान घरात शिरतो. त्या आठवड्यात एका बापाने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीची वही काका-काकूंसमोर अंगणात जाळली. वहीत चित्रं होतीच, पण मागच्या पानांवर तिने स्वतः लिहिलेल्या कविता होत्या, मैत्रिणींबद्दल, पाळीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल. बापाने ती पानं आधी वाचली होती. तेव्हा सैतान कोणत्या पानावर सापडला हे सांगायला नको. मोबाईल काढून घेतला, गटात येणं बंद केलं. पुढच्या रविवारी तिला सगळ्यांपुढे उभं करून साक्ष द्यायला लावली, की मी जगाच्या गोष्टी सोडल्या. तिने काय सोडलं? तिच्याकडून जे हिसकावलं त्याला त्याग म्हणायला लावलं, हा दुसरा अत्याचार. हे काही ख्रिस्ती घरांतच होतं असं नाही. शेजारच्याच गल्लीत ‘आपली संस्कृती’ म्हणून पोस्टर फाडलेली आहेत, आणि कारण तेच आहे: मुलगी काय बघते, कोणाशी बोलते, तिच्या अंगाला काय वाटतं, यावर ताबा. पण दुसऱ्याच्या घरातही घाण आहे म्हणून आपल्या घरातली झाकायची नसते.

आणखी एक. मुलींनी गायकांची पूजा सोडावी म्हणणाऱ्या आपल्या मंडळ्यांमध्ये स्टेजवर काय चालतं? दिव्यांचे झोत, धूर, गिटारवाला देखणा तरुण, डोळे मिटून हात वर केलेल्या मुलींची गर्दी. ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँग चर्चची गाणी जगभर गेली, आपल्याकडच्या तरुण संघांतही ती गातात. गाणी काही वाईट नाहीत. पण त्या चर्चचे संस्थापक ब्रायन ह्यूस्टन यांना मार्च २०२२ मध्ये, दोन स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाची चौकशी बाहेर आल्यावर, राजीनामा द्यावा लागला. मुलीने एका पुरुषाचं पोस्टर काढायचं आणि त्याच खिळ्याला दुसऱ्या पुरुषाचं टांगायचं, फक्त या दुसऱ्याच्या हातात पवित्र शास्त्र असतं म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं दसपटीने अवघड, असा सौदा असेल तर मी त्या मुलीला म्हणेन, बाई, तुझं आधीचंच पोस्टर बरं होतं. ते निदान भिंतीवरून खाली उतरत नव्हतं.

आणि गाणारी बाई असली की मापंही बदलतात. एमी ग्रँट ही अमेरिकेतली ख्रिस्ती पॉपची मोठी गायिका. १९९१ मध्ये तिचं साधं प्रेमाचं गाणं सगळ्या देशात पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ती जगाला विकली गेली म्हणून चर्चच्या लोकांनी नाकं मुरडली. १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला आणि काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची भजनंही लावणं थांबवलं. त्याआधी कितीतरी वर्षं, १९३८ साली, सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चर्चची गाणी गिटारवर घेऊन न्यूयॉर्कच्या नाइट क्लबात गेली. तिच्या चर्चच्या माणसांनी तिला बोल लावले. ज्या रॉक संगीताला पुढे सैतानाचं म्हणायची पद्धत पडली, त्याचा पाया घालणाऱ्यांत या भक्त बाईचं नाव आता घेतलं जातं. कुठली चाल देवाची आणि कुठली जगाची हे कोणी ठरवायचं? नगरच्याच आमच्या ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. तोवर इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं म्हणजेच पवित्र, अशी बहुतेकांची सवय होती.

टिळकांचं नाव आलं म्हणून लक्ष्मीबाईंचंही घेते. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या पतिव्रतेने काय करावं? मागोमाग जावं, नाहीतर कायमचं तोंड फिरवावं. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी पाच वर्षं घेतली. सोवळं-ओवळं आणि जातीचा विटाळ बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःशी विचार करून सोडला, आणि मग स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण विनोदाला हसतो, पण बाईच्या श्रद्धेला तिचा तिचा वेळ लागतो, हे त्या पुस्तकाइतकं स्वच्छ मी कुठे वाचलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी तर १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून जो वाद घातला तो आजही अंगावर काटा आणतो. एवढ्या कष्टाने ब्राह्मण पुरोहितांचं जू फेकलं ते काय दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला, असा त्यांचा रोख. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशाची भाषा का नको, हेही विचारलं. गर्विष्ठ म्हणून बोलणी खाल्ली. आपल्याकडे श्रद्धाही होती आणि ‘का?’ विचारणारी जीभही होती, हा आमचा वारसा. आजच्या किती तरुण संघांत एखाद्या मुलीने उपदेशकाला उभं राहून ‘हे शास्त्रात कुठे लिहिलंय?’ असं विचारलेलं चालतं?

हे सगळं छापील मासिकात लिहावं का, असं मला माझ्याच मंडळीतल्या एका मावशींनी विचारलं. त्यांची भीती खोटी नाही. प्रार्थनासभा चालू असताना जमाव घुसल्याच्या, ‘धर्मांतर’ म्हणून ओरडा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा वेळी आपल्या घरातलं भांडण बाहेर मांडलं तर ते भलतेच लोक काठीसारखं वापरतील. शहाबानो प्रकरणापासून चळवळीला हा पेच माहीत आहे. पण ख्रिस्ती बायका याआधी गप्प बसलेल्या नाहीत. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत होतं, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. या अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती बायका वर्षानुवर्षं कोर्टात आणि चर्चमध्ये लढल्या, आणि २००१ मध्ये तो कायदा बदलला. त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेलच, की बायांनो, आत्ता नको.

सतरा वर्षांची मुलगी अजून गटात येते. नाच सुरू झाला की ती बाजूला बसून टाळ्या वाजवते आणि बाकीच्या मुली तिला ओढत नाहीत, एवढं त्यांच्यात ठरलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी मी तीनदा जाऊन आले. बाप दारातच बोलतो. तिसऱ्या खेपेला आईने मला नळापर्यंत सोडायला म्हणून येऊन विचारलं, की गटाच्या कपाटात एखादी वही ठेवता येईल का, कुलपात. वही आणून ठेवली आहे. ज्या मैत्रिणी वसई, नगर, जालना भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांत काम करतात त्यांनी अशा घरांत काय केलं, उपदेशकाशी कोण बोललं, मंडळीतल्या बायकांची मदत झाली का, ते कृपा करून कळवावं.